पूल होईपर्यंत

त्या राज्यातले रस्ते चांगले होते. फक्त ते सगळे नदीपाशी येऊन संपत. अलीकडच्या काठाला जंगल होतं, कुरणं होती आणि राज्यातली बहुतेक प्रजा होती. पलीकडच्या काठाला दरबार होता, बाजार होता, आणि दुखण्याखुपण्यावर औषध देणारं म्हातारं अस्वलही तिकडेच राहत होतं. मधली नदी फार खोल नव्हती. नदी पायी ओलांडायच्या उताराच्या जागी तर तळाचे गोटे दिसत. पण तिच्या धारेला जबर ओढ होती आणि बारीक पायांच्या जनावरांना ती उभं राहू देत नसे.

दरबाराला नदी ठाऊक होती, तिचा त्रास तेवढा ठाऊक नव्हता. राजा गवा होता. तो पाण्यात उतरला की पाणीच त्याला वळसा घालून जाई. रस्त्यांचं खातं एका वानराकडे होतं आणि त्याच्या घराण्यात काठावरच्या झाडांवरून पलीकडे झेप घ्यायची रीत होती. उरलेले मानकरी बहुतेक पंखांचे होते. नदीवर पूल हवा, हे मात्र सर्वांना मान्य होतं. दर पावसाळ्यानंतर पुलाची घोषणा होई आणि ती ऐकायला अलीकडची प्रजा काठावर गर्दी करी. ऐकून झालं की जो तो आपल्या वाटेने परत जाई.

उताराच्या थोडं खाली एक संथ डोह होता. तिथे कासवांची वस्ती होती. त्यांना ना बाजाराला जायचं होतं, ना दरबारात. औषधाचीही त्यांना फारशी गरज पडत नसे. रस्ता कुठून येतो आणि कुठे जातो याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. धोंडाई ही त्यांच्यातलीच एक कासवी. पाठ चांगली रुंद, बोलणं कमी, आणि एखादी गोष्ट मनाला लागली की ती तिथून लवकर हलत नसे. तिचा नवरा रावजी तिच्याहून लहानखुरा आणि स्वभावाने शंकेखोर होता. सकाळी खडकावर ऊन खायचं, दुपारी गाळात उतरायचं, संध्याकाळी पाणवेलींच्या सावलीत एकमेकांशेजारी पडून राहायचं, असं दोघांचं बरं चाललं होतं.

एका वर्षी पाणी ओसरता ओसरता सारजा नावाची हरिणी आपल्या आजारी पाडसाला घेऊन उतारावर आली. पाणी अजून थोडं उतरू द्यावं असं काठावरच्यांनी तिला सांगितलं. पण पाडसाचा श्वास घरघरत होता आणि थांबायला तिला धीर नव्हता. ती पुढे आणि पाडस तिच्या आडोशाला, अशी दोघं पाण्यात शिरली. अर्ध्यात पाडसाचा पाय गोट्यावरून सरकला. धारेने त्याला डोहाकडे ओढून आणलं तेव्हा धोंडाई खडकावर होती. तिने पाण्यात उडी घेतली, पाडसाच्या पोटाखाली आपली पाठ घातली आणि त्याला काठाला लावलं. त्याचं अंग अजून ऊबदार होतं, पण त्यात जीव नव्हता. सारजा आली. ती रडली नाही. पाडस कोरडं होईपर्यंत ती त्याला चाटत राहिली आणि धोंडाई शेजारी थांबून ते पाहत राहिली.

त्यानंतर धोंडाईला अन्न गोड लागेना. आपल्या पाठीवर ते पाडस किती हलकं होतं, हे तिच्या मनातून जाईना. शेवटी तिने वस्तीतल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं की उतारावर आपण या काठापासून त्या काठापर्यंत एकमेकांना लागून बसलो, तर आपल्या पाठी पाण्याच्या जरा वरच राहतील, आणि आजाऱ्यांना तरी पलीकडे जाता येईल. आपलं त्यात काही जात नाही. कासवं विचार करू लागली. दगडासारखं बसून राहणं त्यांना जड नव्हतंच. बरेचजण तयार झाले. रावजी मात्र लगेच घराकडे वळला. घरी आल्यावर तो म्हणाला, "बसायला सोपं आहे गं. पण उठायचं कधी, ते कोण सांगणार?"

"पूल होईपर्यंतच तर बसायचं," धोंडाई म्हणाली. "घोषणा झालीये."

रावजीने पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

पहिले दिवस फार सुखाचे गेले. पाय मोडलेला एक ससा सर्वांत आधी पलीकडे गेला. प्रत्येक पाठीवर चढण्यापूर्वी तो थांबायचा आणि विचारायचा, पाय देऊ का? धोंडाईला इतकं संकोचल्यासारखं झालं की तिने मान आत घेतली. त्याच्यामागून म्हातारी सांबरं गेली, गाभण शेळ्या गेल्या, डोळे आलेला एक रानडुक्कर बायकोच्या शेपटीला धरून गेला. परतताना कुणी कोवळा पाला आणून ठेवी, कुणी नुसतंच वाकून नमस्कार करी. सारजाही एकदा आली. तिला पलीकडे काही काम नव्हतं. ती मधोमध धोंडाईच्या पाठीवर येऊन थोडा वेळ उभी राहिली, खाली वाहतं पाणी पाहिलं आणि परत फिरली. त्या वेळी कासवं आळीपाळीने बसत. ज्याला भूक लागे तो उठे, ज्याला ऊन हवं असे तो काठावर जाई आणि दुसरा त्याच्या जागी येई.

ही वार्ता दरबारात पोहोचली तेव्हा तिथून पांढरेसाहेब आले. ते बगळा होते. रस्तेखात्यात त्यांच्याइतका शांत आणि मेहनती अधिकारी दुसरा नव्हता. त्यांचे पंख स्वच्छ असत, आवाज कधी चढत नसे, आणि एकेका जागी ते एका पायावर कितीतरी वेळ उभे राहून पाण्याकडे पाहत. त्यांनी सगळ्या कासवांची विचारपूस केली. धोंडाईला ते धोंडाबाई म्हणाले, तसं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. राज्य तुमचं ऋणी आहे, असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. मग त्यांनी कामात थोडी शिस्त आणली. लहान पाठी काठाशी, मोठ्या पाठी धारेत. धोंडाईची पाठ सगळ्यांत रुंद आणि स्थिर, म्हणून तिला मधली जागा मिळाली. जागा बदलल्या की उंची बदलते आणि जाणाऱ्यांचा पाय अडखळतो, म्हणून आळीपाळी बंद झाली. त्याच आठवड्यात वानरमहाराजांनी येऊन खऱ्या पुलाची कोनशिला बसवली. भाषणात त्यांनी कासवांचं नाव अनेकदा घेतलं. काठावर दगडांचे ढीग पडू लागले आणि धोंडाईने रावजीला कोपराने ढोसून ते दाखवले.

आजाऱ्यांसाठी सुरू झालेल्या वाटेने हळूहळू धडधाकटही जाऊ लागले, आणि त्यात गैर असं काही नव्हतं. बाजारात जाणारे आले, लग्नाला जाणारे आले, नुसती मौज पाहणारेही आले. खुरांनी पाठी झिजू लागल्या. हे पाहून पांढरेसाहेबांना वाईट वाटलं. त्यांनी दरबारात खटपट करून जाड फळ्या आणवल्या आणि त्या कासवांच्या पाठीवर या काठापासून त्या काठापर्यंत अंथरून दोरांनी बांधून घेतल्या. खुरांचा जाच थांबला. कासवांनी साहेबांचे आभार मानले. पाला आणून देणाऱ्यांना मात्र आता तो कुठे ठेवावा ते कळेना, आणि काही दिवसांनी पाला येणं बंद झालं. कासवं वाहून येणारं शेवाळ खाऊ लागली. पाय देऊ का, असं विचारणारा ससा म्हातारा होऊन वारला. त्याच्या मुलांनी फळ्याच पाहिल्या होत्या.

फळ्या आल्या म्हणून गाड्या आल्या. गाड्या ओढायला खेचरं होती. त्यांची कहाणी निराळी आहे. आधी ओझ्याच्या गाड्या, मग सरकारी प्रवासी गाडी. ती सकाळी अलीकडून जाई, संध्याकाळी पलीकडून येई, आणि ती सुरू झाली त्या दिवशी दोन्ही काठांवर तोरणं लावली होती. अलीकडची जनावरं पहिल्यांदाच बसून पलीकडे गेली. धोंडाईने खालून त्यांची हसणी ऐकली. तिच्या पाठीत कळ आली, तरी तिला ते हसणं आवडलं.

दगडांचे ढीग कमी होत चालले होते. रावजीच्या ते आधी ध्यानात आलं. पांढरेसाहेब पाहणीला आले तेव्हा धोंडाईने त्यांना विचारलं. साहेब थोडे अवघडले. त्यांनी सांगितलं की गाड्या वाढल्यामुळे दोन्ही काठांचे रस्ते उखडले होते, आणि ते दगड तात्पुरते तिकडे वापरले. तिने पुलाचं विचारलं. साहेबांनी दुसरा पाय खाली टेकवला. दरबारात पूल नसलेल्या नद्यांचा विचार चालू आहे, ते म्हणाले. पण त्यात आपल्या नदीचं नाव नाही.

"का, साहेब?"

"धोंडाबाई, आपल्या नदीवर पूल आहे, असं तिथं सगळे धरून चालतात," ते हळूच म्हणाले. "मी बोललो. पण रोज गाडी जाते म्हटल्यावर माझं म्हणणं कुणाला पटत नाही."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. ते उडून गेले, आणि रावजीने बायकोला एका शब्दाने टोचलं नाही. त्याने फक्त आपलं कवच तिच्या कवचाला थोडं जास्त टेकवलं. फळ्यांखाली एकमेकांचं तोंड दिसत नसे. तेव्हापासून रोज गाडी गेली की तो असं टेकवून तिला खूण करी, आणि ती उलटून खूण करी.

त्या उन्हाळ्यात धोंडाईच्या पोटात अंडी होती. अंडी घालायला कासवीला काठावरची कोरडी वाळू लागते. पाण्यात पडलेलं अंडं कुजतं. तिने साहेबांकडे थोड्या वेळाची सुट्टी मागितली. साहेबांनी तिचं म्हणणं लगेच वर कळवलं. पण पलीकडे जत्रा भरली होती, गाड्यांची रीघ लागली होती आणि वानरमहाराज दौऱ्यावर होते. जत्रा उरकू द्या, असा निरोप आला. धोंडाईने अंग आवळून धरलं. जत्रा चालूच होती. एका दुपारी भरलेल्या गाड्यांमागून गाड्या जात असताना तिच्या अंगातलं बळ सरलं आणि अंडी पाण्यात सुटली. पांढरी, गोल, एकामागून एक ती धारेबरोबर निघून गेली. त्यांतलं एक रावजीच्या पायाशी अडकलं. त्याने तो पाय कितीतरी दिवस हलवला नाही, आणि त्या अंड्याचं काहीही होणार नाही हे दोघांना ठाऊक असूनही धोंडाईने त्याला ते सोडून दे म्हटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात रावजी गेला. रस्त्याची खडी भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या वरच्या फळीवर येऊन रुतलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. काहीतरी तडकल्याचा आवाज धोंडाईने ऐकला. तिला वाटलं फळी तडकली. गाडी गेल्यावर तिने नेहमीची खूण केली. उत्तर आलं नाही. ती दुसऱ्या दिवशीही खूण करीत राहिली. तिसऱ्या दिवशी छोटे मासे रावजीच्या कवचात जाऊ-येऊ लागले, तेव्हा ती थांबली.

पांढरेसाहेब स्वतः आले. त्यांनी मान झुकवली. त्यानंतर त्यांनी माणुसकीला धरून एक गोष्ट केली. रावजींना बायकोपासून दूर करू नये, असा त्यांनी हुकूम दिला. कवच साफ करून आतून वाळू-खडीने भरण्यात आलं आणि होतं त्या जागीच बसवण्यात आलं. धोंडाईने त्याबद्दल त्यांचे उपकार मानले. तिला शेजारी ओळखीचा स्पर्श राहिला. फक्त गाड्या हाकणाऱ्यांच्या बोलण्यात एक नवीन गोष्ट येऊ लागली: पुलाचा मधला भाग पूर्वी थोडा हलत असे, आता तिथे एका जागी अगदी पक्कं लागतं.

उन्हाळा आला. धोंडाईच्या पोटात रावजीची शेवटची अंडी होती. या वेळी तिने कुणाला विचारलं नाही. सकाळची गाडी निघून गेल्यावर ऐन दुपारी, रस्ता मोकळा असताना, ती फळीखालून खाली सरकली. फळी तिच्या मागे करकरत वाकली. इतक्या वर्षांत पाय चालणं विसरले होते. वाळूवर पोहोचेपर्यंत ती अनेकदा थांबली. वाळू तापलेली होती. तिने मागच्या पायांनी खड्डा उकरायला घेतला. पाय थरथरत होते, वाळू परत आत घसरत होती, पण हळूहळू खड्डा खोल झाला. पहिलं अंडं कोरड्या वाळूत पडलं तेव्हा तिने डोळे मिटले. अंगावर सरळ ऊन पडणं कसं असतं, हेही ती विसरली होती.

त्याच वेळी अलीकडच्या रस्त्याने एक जादा गाडी आली. खेचरं मधल्या फळीपाशी येऊन अडली. फळी पाण्यात गेली होती. गाडीवाला खाली उतरला, त्याने वाकून पाहिलं आणि पुलाला खड्डा पडल्याचं सांगितलं. गाडीत गलका झाला. कुणी रस्तेखात्याला नावं ठेवली, कुणी म्हणालं की असल्या पुलापेक्षा पूल नसलेला बरा, कुणी तक्रार करायची ठरवून आसपासच्यांना साक्षीदार म्हणून धरलं. पुलाखाली काय असतं ते त्या गाडीत एकीलाच ठाऊक होतं. ती सारजा होती. आता तिच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते, आणि तिच्याजवळ तिचं उतारवयातलं पाडस अंग चोरून पडलं होतं. ती गाडीतून उतरली, काठावर आली आणि तिने वाळूकडे पाहिलं.

धोंडाईने तिला येताना पाहिलं, पण तिला हलता येत नव्हतं.

"धोंडाई, खड्डा पडलाय," सारजा म्हणाली.

"खड्डा नाही गं तो. मी इकडे आलेय."

सारजाने वाळूतल्या अंड्यांकडे पाहिलं. खड्डा अजून पुरता भरला नव्हता. ती मागे फिरणार होती; तिने तोंडही वळवलं. मग तिथेच उभी राहून, धोंडाईकडे न पाहता ती म्हणाली, "पिलू तापलंय माझं. काल रात्रीपासून पाणीसुद्धा पीत नाही."

गाडीवाला लांबून ओरडत होता. धोंडाईच्या पाठीवर पहिल्या पाडसाचं ते हलकं वजन जसंच्या तसं येऊन बसलं. "एवढी घालू दे," ती म्हणाली. "मग येते."

सारजा तिच्या शेजारी बसली. शेवटचं अंडं पडेपर्यंत ती बसून राहिली. धोंडाईचे पाय वाळू लोटायला चालेनात, तेव्हा सारजाने आपल्या खुरांनी ती अलगद लोटली आणि वरून नाकाने सपाट केली. मी लक्ष ठेवीन, काही काळजी करू नकोस, असं तिने सांगितलं. धोंडाई परत पाण्यात उतरली आणि वाकलेल्या फळीखाली शिरली. फळी सरळ झाली. खेचरं चालू लागली. अस्वलाच्या औषधाने पाडसाचा ताप उतरला आणि आठवडाभरात ते उड्या मारत परत आलं; फळ्यांवर त्याच्या उड्या धोंडाईने ओळखल्या.

सारजाने दिलेला शब्द पाळला. ती रोज वाळूकडे फेरी मारी. पण घोरपड दिसली की तिला नुसतं खूर आपटता येई, आणि मुंगसापुढे तर तेही चालत नसे. मग तिला पांढरेसाहेब आठवले. साहेब भला आहे, हे ती धोंडाईकडूनच ऐकत आली होती. ती त्यांच्याकडे गेली. अंडी कुठे आहेत, ती कशी घातली गेली, तेवढ्या वेळात पुलाचं काय झालं, हे तिने सगळं सांगितलं आणि त्या वाळूला संरक्षण द्यावं अशी विनवणी केली. साहेबांनी मन लावून ऐकलं. त्यांनी तिला अडवलं नाही, घाई केली नाही. जागा दाखवायला सांगितली आणि तिथे एका पायावर उभं राहून वाळूकडे खूप वेळ पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी वाळूभोवती काटेरी कुंपण उभं राहिलं. एका साळिंदराची पहाऱ्यावर नेमणूक झाली. घोरपड फिरकेनाशी झाली. मुंगूस एकदा आला आणि नाकात काटा घेऊन गेला. धोंडाई मान लांब करून धारेतून ते कुंपण पाही. फळी आणि पाणी यांच्या मधल्या फटीतून तिला त्याचा एक कोपरा दिसे. इतकी वर्षं दरबाराने केलेल्या घोषणा तिने ऐकल्या होत्या. घोषणा न करता केलेलं असं काम ती पहिल्यांदाच पाहत होती. सारजा वरून जाताना थांबून सांगायची, ठीक आहे गं सगळं, ऊनही चांगलं पडतंय. धोंडाईच्या पाठीचं दुखणं गेलं नव्हतं, पण झोप लागू लागली होती. पिलं निघाली की ती आपसूक डोहाकडे जातील. खडकावर ऊन खातील. आपल्याला ती ओळखणार नाहीत, त्याचं काही नाही. रावजीसारखं एखादं शंकेखोर निघालं तर बरं, असंही तिच्या मनात येऊन जाई, आणि मग ती शेजारच्या कवचाला टेकून राही.

पावसाळ्याच्या तोंडाशी गर्दी फार वाढली. बाजार मोठा झाला होता, अलीकडून निघणारे आणि पलीकडून येणारे एकाच वेळी निघत. एके दिवशी दोन्ही बाजूंच्या गाड्या पुलावर समोरासमोर आल्या. फळी एकच. कुणी मागे सरायला तयार होईना. दोन्ही गाड्या धोंडाईच्या डोक्यावर येऊन थांबल्या. ओझ्याने तिचं पोट तळाच्या गोट्यांना लागलं. वर तावातावाने बोलणी चालली होती: एवढं मोठं राज्य आणि एका गाडीपुरता पूल, आमचा अख्खा दिवस यातच जातो, यांना आमची पर्वा नाही.

इतक्यात पंखांची ओळखीची फडफड झाली. पांढरेसाहेब येऊन मधोमध, अगदी धोंडाईच्या वरच उतरले. गलका थांबला. साहेबांनी सगळ्यांची क्षमा मागितली. तुमची गैरसोय आम्हाला दिसते, ते म्हणाले. आणि मग नेहमीच्या शांत आवाजात त्यांनी सांगितलं, "आता थोडीच कळ काढा. रुंदीकरण मंजूर झालंय. त्याचं सामान समोर कुंपणात आहे. उन्हाचं काम उरकत आलंय. बाहेर आलं की बसवायला घेतो."

धोंडाईला आधी उमगलं नाही. तिला वाटलं कुंपणात दगड किंवा फळ्या आणून टाकल्या असाव्यात, आणि त्यांचा भार वाळूवर तर पडत नसेल ना, याची तिला काळजी वाटली. वर लोक समाधानाने बोलू लागले होते. कुणीतरी विचारलं, सामान पुरेल ना? भरपूर आहे, साहेब म्हणाले, आणि दरवर्षी आणखी मिळेल अशी व्यवस्था करतो आहोत.

वर चार खूर होते, ते सारजाचे आहेत हे धोंडाईला कळलं. ते खूर एकदा काठाच्या दिशेने वळले. त्यांच्यामागे लहान चार खूर वळले. मग सगळे खूर जागच्या जागी थांबले.

तेव्हाच काठावर वाळू हलली. एक बारकं डोकं वर आलं, मग दुसरं, मग वाळूच जिवंत झाल्यासारखी झाली. गाड्यांतली जनावरं एका बाजूला झुकून पाहू लागली. पिलं इतकी इवलीशी आणि इतकी गोंडस होती की काहींनी आनंदाने पाय आपटले. साळिंदराने कुंपणाचं दार उघडलं. पांढरेसाहेब उडून तिकडे गेले आणि वाळूवर उतरून पुलालगतच्या पाण्याकडे, संथपणे, एकेक पाऊल टाकीत चालू लागले. पिलांना कुणी काही शिकवावं लागलं नाही. मऊ पाठींवर ऊन घेत, एकामागे एक, सरळ रांगेत, ती त्यांच्या मागून पाण्यात उतरली.